राशीच्या पोटातली ऊब

दादा गेल्याचं कळलं तेव्हा मी सांगलीहून मिरजेला जाणाऱ्या बसमध्ये होते आणि त्याच्याकडेच निघाले होते. मांडीवर डबा होता. भाकरी, शेपूची भाजी, लसणाची चटणी... दवाखान्यातलं जेवण त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं, म्हणून मी अधूनमधून काहीतरी करून न्यायची. विश्रामबाग मागं पडलं आणि वहिनींचा फोन आला. "वन्सं, कुठं आहात?" मी म्हटलं, "पोचतेच आता." त्या म्हणाल्या, "सावकाश या... आता घाई नाही." शेजारच्या बाईंनी माझ्याकडं पाहून विचारलं, "काय झालं हो?" आणि मी, कशी कोण जाणे, "काही नाही, भावाचा डबा आहे," असं उत्तर दिलं.

त्या दिवशी आणि पुढं आठवडाभर त्याच्या घरी माणसं येत राहिली. निवृत्त नर्सेस, ऑपरेशनच्या खोलीत उमेदीची वर्षं काढलेले वॉर्डबॉय, एक-दोन म्हातारे डॉक्टर. सगळ्यांचं बोलणं एकच. सरांनी किती जीव वाचवले, सरांनी होय म्हटल्याशिवाय आमचं कपड्यांचं एक गाठोडं ऑपरेशनच्या टेबलापाशी येत नसे. मी चहाचे कप भरत ऐकत होते आणि मनातून अवघडत होते, कारण दादानं हे ऐकलं असतं तर तो उठून आतल्या खोलीत गेला असता. कौतुक त्याला सोसत नसे. लोक त्याला विनय म्हणायचे. आम्हा घरच्यांना ठाऊक होतं की ती लाज आहे. तरुणपणी लागलेली, नंतर कितीही चांगलं काम केलं तरी न गेलेली. ती आम्हीही त्याच्याबरोबर थोडी थोडी वाटून घेतली होती. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्याविषयी लिहा असं सांगण्यात आलं तेव्हा मी आधी वहिनींना विचारलं, ही लाज लिहू का. त्या म्हणाल्या, "तेवढंच लिहा. बाकीचं लोकांना माहीत आहे."

आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. आबा, आमचे वडील, फौजेत होते आणि आम्ही लहान असतानाच सीमेवर कामी आले. आईनं शेत बघत, पेन्शनवर दोघांना वाढवलं. दादा, म्हणजे वसंत, हुशार निघाला. आधी साताऱ्याला आणि मग पुण्याला जाऊन तो सूक्ष्मजीवशास्त्र शिकला. तो काय शिकतो हे गावाला सांगताना आईची तारांबळ उडायची. "डोळ्याला न दिसणारी किडं बघतोय," ती सांगायची. त्यावर पारावरचा एखादा म्हातारा विचारायचा, "आगं, दिसत न्हाईत तर बघतोय कसा?" आणि आई हसत पुढं व्हायची. सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास त्याला शिरवळजवळच्या एका छोट्या कारखान्यात नोकरी लागली. मोसमात हिरवा वाटाणा सोलून डबाबंद करायचा, तो शहरांत आणि फौजेच्या कँटीनमध्ये जायचा. त्या सगळ्या डब्यांची तपासणी दादाच्या हाती. सुट्टीला आला की तो सांगायचा, "शालन, उकळलं की सगळं मरतं असं आपण समजतो. तसं नसतं. काही जिवाणू असे आहेत की त्यांना उष्णताच लागते. तू-मी जिथं भाजून निघू तिथं ते वाढतात. फार वाईट वेळ आली की बी होऊन पडून राहतात. वाफेनंसुद्धा ते बी मरेलच असं नाही." मी विचारलं, "मग डबा नासत कसा नाही?" तो म्हणाला, "शिजवला की लगेच गार पाण्यात सोडायचा. गार डब्यात ते बी जागंच होत नाही. पडून राहतं बिचारं." बिचारं म्हणताना त्याच्या आवाजात मायाच असायची.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले, जनावरं छावणीला गेली आणि आई आणि मी शेजारच्या गावच्या पाझर तलावावर खडी फोडायला जाऊ लागलो. पहिल्या दिवशी आईनं पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता. जवानाची बाई, पोरगा साहेब... आणि हातात हातोडा. मी सातारच्या कॉलेजचं वर्ष सोडून आले होते, मला ओळखणारं कुणी भेटू नये म्हणून मी ढिगाच्या पलीकडं तोंड करून बसायची. दोन-चार दिवसांत पाहिलं तर निम्मा तालुका तिथंच होता. मग पदर खाली आले. दादा शिरवळहून घरखर्चाला लावायचा, पण गावात दाणाच मिळत नव्हता, आणि कामावर गेलं की निदान खायला सरकारी सुकडी तरी मिळायची.

शिरवळच्या कारखान्यापाशी एक वस्ती होती. तिथली विहीर आटली तशा तिथल्या बाया रिकामे हंडे घेऊन कारखान्याच्या दारात उभ्या राहू लागल्या. आत मात्र शिजलेले डबे गार करायला पाणी वाहतच होतं. दादाला ते बघवेना. त्यानं मालकाला, तिथं त्यांना सगळे शेठ म्हणायचे, जाऊन सांगितलं की थंडीचे दिवस आहेत, डबे पाण्यात न सोडता तसेच रचून ठेवले तरी रातोरात गार होतील, वाचलेलं पाणी दाराबाहेर नळ काढून वस्तीला देऊ. शेठना ते पटलं. तेव्हापासून बाया त्या नळावर हंडे भरत होत्या. संक्रांतीला दादा घरी आला तेव्हा आईच्या पायाशी बसून त्यानं हे सांगितलं होतं. त्याचा चेहरा इतका उजळलेला मी नंतर कधी पाहिला नाही. आई म्हणाली, "आबांनी ऐकाया पायजे हुतं."

पाडवा जवळ आला तशी शेठनी काही डबे दुष्काळी कामावर फुकट वाटायचं ठरवलं. दादानं शब्द टाकला की आमच्या तालुक्यातल्या कामावर पाठवा. आमची आई तिथं आहे हे त्यानं सांगितलं की नाही मला माहीत नाही... सांगितलंही असेल, त्याला त्यात कमीपणा वाटत नव्हता. पाडव्याच्या दिवशी ट्रक आला, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी दादा. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. डब्यांवर हिरव्या शेंगांचं चित्र. कित्येक महिने आम्ही कुणी हिरवं काही तोंडात घातलं नव्हतं. बायांनी ते डबे हातात घेऊन नुसते फिरवून पाहिले. एकीनं विचारलं, "साहेब, रिकामं झाल्यावर डबं आमाला देशीला का? पानी ठेवाया हुतील." दादा म्हणाला, "सगळे तुमचेच."

मोठ्या काहिलीत रस्सा शिजला. डबे फोडताना आचाऱ्याला जरा उग्र वास आला होता म्हणे, पण डबे फुगलेले नव्हते, गंजलेले नव्हते. डबाबंद माल असाच असायचा, असं समजून त्यानं वरून तिखट आणि गूळ घातला. आम्ही रांगेनं जमिनीवर बसलो. आई सगळ्यांना सांगत होती, "आमच्या वसंताच्या कारखान्यातला हाय बरं का. लाजू नगासा, पोटभर खावा." पहिले घास गेले. माझ्या पलीकडं बसलेली बाई हळूच म्हणाली, "आंबूस लागतंय की गं." दुसरी म्हणाली, "चिच टाकली आसंल." "वाटान्यात कुटं चिच टाकत्यात?" तेवढ्यात रांगेच्या टोकाला एक लहान पोर ओकली. उन्हानं असेल, घाईनं खाल्ल्यानं असेल. पण कुणीतरी ओरडलं, "इख हाय! टाका, टाका समदं!" आणि बघता बघता ताटं पालथी झाली. आठ महिन्यांच्या भुकेनंतरचा तो हिरवा वाटाणा तापलेल्या मुरमात सांडला...

दादा धावत काहिलीपाशी गेला आणि त्यानं पळीभर रस्सा तोंडात घेतला. मी त्याच्याकडंच बघत होते. चव कळली त्या क्षणी त्याचा चेहरा कसा झाला ते मी कुणाला सांगू शकणार नाही. त्यानं तो घास गिळला. आणखी एक पळी घेतली, सगळ्यांदेखत तीही गिळली, आणि खडीच्या ढिगावर उभा राहून म्हणाला, "आयांनो, इख न्हाई. कुनाला काय हुनार न्हाई. पन माल नासलाय. चूक माझी हाय."

आमच्या रांगेत गऊबाई म्हणून एक वयस्क बाई होती, भांडखोर नव्हे, कधी फारसं न बोलणारी. ती उठून उभी राहिली. म्हणाली, "चूक कशी रं बाबा? आमी काय जनावरं हाय व्हय, नासकं आनून घालाया?"

दादानं हात जोडले. ते तसेच जोडून तो उभा राहिला. मी खाली मान घातली तेव्हा माझ्या शेजारी आईचं ताट दिसलं. ती खात होती. कुणाकडं न बघता, घाई न करता, एकेक घास. सगळ्या रांगेत तेवढं एकच ताट सुलटं होतं. भाकरीच्या तुकड्यानं तिनं शेवटचा रस्सा पुसून घेतला, उठली आणि ताट वाळूनं घासायला गेली. रिकाम्या डब्यांना त्या दिवशी कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दादानं गोदामातली रास स्वतः उतरवली. बाहेरचे डबे ठीक निघाले. आत जावं तसे आंबट. पत्र्याच्या छपराखाली, एकावर एक रचलेल्या गरम डब्यांनी एकमेकांची ऊब धरून ठेवली होती. बाहेर थंडी होती, राशीच्या पोटात नव्हती. तिथं त्या बीला पाहिजे तशी गरमी दिवसचे दिवस मिळत राहिली. ते जागं झालं, वाढलं, आणि वायू न करता, डबा न फुगवता, आतल्या आत सगळं आंबवून गेलं. तपासायला दादानं डबे काढले होते ते कडेचे. आत हात घालून पाहिला नव्हता. पुढं कधी विषय निघालाच तर तो एवढंच म्हणायचा, "मला ठाऊक होतं गं. ठाऊक नसतं तर एवढं वाटलं नसतं."

शेठ माणूस वाईट नव्हता. त्यानं दादाला बसवून सांगितलं, "वसंतराव, ट्रक उन्हात उभा राहिला, वाटेत माल गेला, असं म्हणू. कुणाचंच नाव खराब होत नाही." दादा म्हणाला, "ट्रक सकाळी निघाला, दुपारी पोचला. एवढ्यात असं नासत नाही शेठ. गार न करता रचायला मी सांगितलं होतं." "मग आता?" "डबे पाण्यातच गार केले पाहिजेत." तेवढं वाक्य बोलल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. पुढच्या हंगामाची तयारी म्हणून शेठनं त्याच आठवड्यात दाराबाहेरचा नळ बंद केला. दादा राजीनामा देऊन वळकटी घेऊन बाहेर पडला तेव्हा बाया हंडे घेऊन तिथंच उभ्या होत्या. एकीनं विचारलं, "साहेब, पानी का हो बंद झालं?" तो खाली मान घालून रस्त्याला लागला. खडीवरच्या बायांचा शब्द त्याला लागला होता, पण या बाईचा प्रश्न त्याहून खोल गेला. त्यानंतर साताऱ्याहून पुण्याला जायची वेळ आली की शिरवळ येण्याआधी तो डोळे मिटून घ्यायचा. मी शेजारी असले की मला वाटायचं झोपलाय, पण पापण्या हलत असायच्या.

घरी आला, आणि तिसऱ्या दिवशी आमच्याबरोबर कामावर निघाला. आई म्हणाली, "आरं, तितं नगं. दुसरीकडं जा कुटंबी." तो ऐकेना. ज्या रांगेनं ताटं पालथी घातली त्याच रांगेत पांढरा शर्ट घालून तो खडी फोडायला बसला. मुकादमानं हजेरी घेताना मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "वाटाणासाहेब आले व्हय?" लोक हसले. ते नाव त्याला चिकटलं. गावातली पोरं लांबून "आंबट वाटाणाऽऽ" म्हणून ओरडायची आणि पळायची, आणि मला रस्त्यानं चालताना कानांच्या पाळ्या गरम झालेल्या कळायच्या. दादाचे हात सोलवटले होते. हातोडा नीट धरता येत नव्हता. गऊबाई त्याच्या शेजारी काही दिवस आपली खडी फोडत राहिली आणि मग एकदा म्हणाली, "असा न्हवं. दांड्याच्या टोकाला धर. मनगट वाचतंय." बस, एवढंच. तिनं माफ केलं असं मी म्हणणार नाही. पण दादा तिचं नाव शेवटपर्यंत आदरानं घ्यायचा.

पुढं दुष्काळ सरला, शेती परत लागली. दादा शेतातच राबायचा. लग्नकार्याला जायचा नाही, चार माणसं जेवत असतील तिथं थांबायचा नाही. शिकलेलं सगळं त्यानं एका ट्रंकेत बंद केलं होतं, आणि त्या ट्रंकेत त्या राशीतले चार डबेही होते. ते त्यानं का ठेवले होते कुणी विचारलं नाही. मला बघायला सांगलीहून पाहुणे आले त्या दिवशी तो गोठ्यात जाऊन बसला. माझे होणारे सासरे, मामंजी, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. वैद्यकीय तुकडीत होते. चहा झाल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "मुलीचा भाऊ कुठाय?" आई गडबडली. कुणीतरी उगाच पाडव्याची हकीकत काढली. मला वाटलं, संपलं. मामंजी ऐकत राहिले, आणि मग जोरात हसले. "आवं, राजस्थानात आमी असलं आंबट डबं किती खाल्लं! तंबूत तापून तापून तसं हुयाचं. का हुतंय ते मातूर कुनी सांगितलं न्हाई. बलवा त्याला."

दादा आला. शेणाचे हात तसेच. मामंजी म्हणाले, "बस रं. डबा फुगत न्हाई आन् आंबतोय, ह्ये कसं काय?" दादा आधी एका शब्दात उत्तरं देत होता. मामंजींनी पाठ सोडली नाही. शेवटी दादानं विचारलं, "तुमच्याकडं उकिरडा आहे ना? थंडीत सकाळी उपसला तर वाफ निघते की नाही?" "निघती की. हात घातला तर चटका बसतोय." "ती गरमी आतले जिवाणू करतात. आणि एका हद्दीनंतर आपल्यासारखी गरमी लागणारे मरून जातात आणि दुसरे येतात, ज्यांना तेवढ्या उष्णतेतच जगता येतं. ते नसते तर शेणखत कुजलं नसतं. गरम पाण्याच्या झऱ्यांत असतात, गवताच्या गंजीत असतात, साखरेच्या पोत्यातसुद्धा त्यांचं बी असतं. जागा चुकली की नासाडी. जागेवर असले तर..." मामंजी म्हणाले, "जागेवर आसलं तर?" दादा म्हणाला, "त्यांच्याइतकं चिवट दुसरं काही नाही. म्हणून निर्जंतुक करायचं यंत्र खरं की खोटं, हे त्यांच्याकडूनच कळतं. वाफेनं ते मेले तर बाकी सगळं मेलंच." वर्षभरात तो इतकं एकदम बोलला नव्हता. आई दाराआड उभी राहून ऐकत होती. मामंजींनी जाताना दोन गोष्टी ठरवल्या. माझं लग्न, आणि दादाला मिरजेला त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडं नेणं.

मिरजेच्या त्या दवाखान्याचं नाव इथं नको. प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची एक खोली. दादानं ट्रंकेतला एक डबा फोडला, त्यातून ते जिवाणू वाढवले आणि पुण्याहून आणलेल्या जातीशी ताडून पाहिले. कागदाच्या बारीक पट्टीवर त्यांचं बी वाळवायचं, ती पट्टी ऑपरेशनच्या कपड्यांच्या गाठोड्याच्या अगदी मधोमध ठेवायची, गाठोडं वाफेच्या यंत्रातून काढलं की पट्टी जांभळ्या रसाच्या नळीत टाकून उबेत ठेवायची. जांभळा रंग राहिला तर ठीक. पिवळा झाला तर समजायचं, काहीतरी जिवंत राहिलंय आणि रस आंबवतंय. तोच आंबटपणा. मला दाखवताना दादा नळीकडं बोट करायचा पण हसायचा नाही.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास आईच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन तिथंच ठरलं. मी सांगलीहून येऊन तिच्या उशाशी होते. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ती उपाशीपोटी, पांढरा झगा घालून देवाचं नाव घेत पडलेली, आणि दादा दारात आला. चेहरा पाडव्याच्या दिवशीचा. मागून डॉक्टर आले, वैतागलेले. "यंत्राचा काटा बरोबर होता. मी स्वतः बघितलाय."

"काटा यंत्रातली वाफ सांगतो, सर," दादा म्हणाला. "गाठोड्याच्या पोटात काय झालं ते सांगत नाही. नळी पिवळी झालीय."

"तुमची नळीच चुकली असेल तर?"

"चुकली असेल तर एक दिवस जाईल, सर. चुकली नसेल तर..."

डॉक्टरांनी एकदा आईकडं पाहिलं. त्या दिवसाची सगळी ऑपरेशनं पुढं ढकलली. गाठोडी सोडून पाहिली. नवे जाड कपडे घट्ट दाबून बांधले होते आणि यंत्रात खच्चून भरले होते. मध्यापर्यंत वाफ पोचतच नव्हती. आधीच्या पंधरवड्यात दोन पेशंटांच्या जखमा चिघळल्या होत्या, त्याचं कारण तेव्हा कळलं. डॉक्टरांनी दादाचा खांदा धरला. दादा भिंतीकडं सरकला.

आई मात्र चिडली होती. "उपाशी ठिवलंसा, आन् आता खा म्हनताय व्हय?" तिच्यासाठी पेज आली. दादानं वाटीतली चमचाभर पेज तळहातावर घेऊन आधी स्वतः चाखली, मग वाटी तिच्या हातात दिली. ती त्याच्याकडं बघत राहिली. पाच वर्षांत घरात कुणी पाडव्याचा विषय काढला नव्हता. त्या दिवशी तिनंच काढला. "वसंता, त्या दिशी तू ढिगावर हुबा हुतास..."

"आई, नको."

"ऐक की. मला काय चव कळत न्हवती? पयल्या घासालाच कळलं. पन समद्यांनी ताटं पालथी केली. मीबी केलं आसतं, तर तुज्याकडं बघनारं कोन ऱ्हायलं आसतं?"

दादा तिच्या पायांवर डोकं ठेवून रडला. मोठ्यानं, वॉर्डातल्या बाया बघत असताना. मला वाटलं, आता सुटला. बाहेर आल्यावर मी तसं म्हटलंही. त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "शालन, बाकीच्यांनी टाकलं त्याचं मी कसंतरी सोसलंय. तिनं खाल्लं ना... ते मला सोसत नाही."

आईचं ऑपरेशन दोन दिवसांनी नीट पार पडलं आणि ती पुढं पुष्कळ वर्षं जगली. दादा मिरजेचाच झाला. लग्न झालं, जिन्याखालची खोली जाऊन मोठी प्रयोगशाळा आली, त्यानं तयार केलेल्या पट्ट्या आसपासचे दवाखाने नेऊ लागले. करोनाच्या दिवसांत माझ्या नातवानं त्याला फोनवर सांगितलं की आजोबा, ही नाकातली चाचणी करतात ना, तिला लागणारं रसायन गरम झऱ्यातल्या जिवाणूंमुळं सापडलं. त्याला ते आधीच माहीत होतं. तरी तो लहान मुलासारखा ऐकत राहिला आणि म्हणाला, "ते मोठ्या घरचे रे. आमचे उकिरड्यावरचे." नातवाला वाटलं आजोबा गंमत करतायत.

पेजेच्या दिवशी मी पाहिलं ते पुढं त्याच्या घराचं वळणच होऊन गेलं. दादानं आधी चाखल्याशिवाय त्या घरात कुणी जेवत नसे. रोजची आमटी असो की सणाचं पुरण. स्वयंपाकघरात उभा राहून तो सगळ्यातलं चमचाभर तळहातावर घ्यायचा, तोंडात टाकायचा आणि जरा वेळ थांबायचा. मग खालमानेनं म्हणायचा, "बसा. चांगलं झालंय." देवाच्या नैवेद्यालाही सूट नव्हती. आई कानांवर हात ठेवून म्हणायची, "आरं, देवाच्या आदी उष्टं करतुस व्हय?" तो म्हणायचा, "देव काय बोलायचा न्हाई आई. मानसांचं बोलनं लागतंय." पाहुण्यांना हे विचित्र वाटे. वहिनींनी सुरुवातीला थट्टा केली, मग एकदा पाडव्याचं सगळं ऐकलं, आणि नंतर दर वेळी स्वतःच आधी त्याच्या हातावर वाढू लागल्या. मुलं, सुना, नातवंडं... सगळ्यांना ते इतकं अंगवळणी पडलं की कारण कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

तेराव्याच्या दिवशी गच्चीवर पंगत बसली. घरची माणसं, गावाकडची चार माणसं, दवाखान्यातल्या त्या निवृत्त नर्सेस. वाढून झालं. वरणावर तुपाची धार पडली, वहिनी हात जोडून म्हणाल्या, "सुरू करा." कुणी सुरू केलं नाही. मोठा मुलगा ताटाकडं बघत बसला होता. नातवंडांचे हात मांड्यांवर. पाहुणे इकडंतिकडं बघू लागले. एका लहान नातीनं विचारलंच, "आजोबांनी खाऊन बघितलं?" भाताची वाफ विरत चालली होती आणि सगळ्या पंगतीत भांड्याचा आवाज नव्हता...

मी उठले. खाली स्वयंपाकघरात गेले. आमटी, भाजी, खीर, सगळ्यातलं थोडं थोडं तळहातावर घेतलं आणि ओट्यापाशी उभी राहून चाखलं. जरा वेळ थांबले. मग जिना चढून वर आले. सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मला मान वर करता येईना. खाली बघतच म्हटलं, "बसा. चांगलं झालंय."

पंगत जेवू लागली.